हात चालतात, पण वाचन होतं का? कृती, वाचन आणि प्रत्येकाला वेगळा आधार

कागदहोडी

नमस्कार मंडळी. मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. बरेच दिवस मनात साठलेलं लिहून काढतेय, थोडं लांबलंय.

तरंगणं आणि बुडणं यावरचा एक उतारा होता. मी हौसेनं साहित्य मांडलं: पाण्याचा टब, क्ले, बटणं, खडे, डब्यांची झाकणं. मुलं रंगून गेली. शेवटी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'क्लेचा गोळा बुडाला, पण त्याच क्लेची वाटी तरंगली. असं का?' उत्तर उताऱ्यात सरळ छापलेलं होतं. तरी बहुतेक वह्यांमध्ये एकच वाक्य: 'वाटी हलकी असते म्हणून.' गोळा मोडूनच वाटी केली होती, स्वतःच्या हातांनी, आणि तरीही ती हलकी!

त्या रात्री वह्या पुढ्यात घेऊन बसले तेव्हा उलगडलं. उतारा कुणी वाचलाच नव्हता, कारण वाचायची गरजच मी ठेवली नव्हती. सगळ्या सूचना मी तोंडी दिल्या होत्या. हात कामात होते आणि वाचन बाजूला पडलं होतं.

पुढच्या वेळी तोच उतारा पुन्हा घेतला. या वेळी तोंडी सूचना एकही दिली नाही. प्रत्येकाला आधी एक बटण दिलं. समोर दोन कार्डं, 'बुडेल' आणि 'तरंगेल'. वाटी पाण्यात सोडण्याआधी बटण एका कार्डावर ठेवायचं. मग उतारा वाचायचा. वाचून मत बदललं तर बटण हलवायची मुभा. त्यानंतरच पाण्याला हात. शेवटी कागदाची एक पट्टी द्यायची आणि ज्या वाक्यानं 'का' सांगितलं त्याच्याखाली ती चिकटवायची. आम्ही तिला पुरावा-पट्टी म्हणतो. उताऱ्यातली नेमकी वाक्यं अशी होती: 'गोळा आणि वाटी यांचं वजन सारखंच आहे. पण वाटी जास्त पाणी बाजूला सारते. बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन वाटीच्या वजनाइतकं झालं, की वाटी तरंगते.'

वर्गात पट्ट्यांवरून वाद सुरू झाला. काहींची पट्टी दुसऱ्या वाक्याखाली, काहींची तिसऱ्या. 'नुसतं जास्त पाणी सारून काय होतं, किती सारलं ते नको का सांगायला?' हे एका मुलीनं विचारलं. ती एरवी वाचताना अडखळते.

आता वेगवेगळ्या पातळीच्या मुलांबद्दल. इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीला मी तीन रंगांचे गट केले होते: लाल, पिवळा, हिरवा. हिरव्यांना पूर्ण उतारा आणि 'का'चे प्रश्न, लाल गटाला चित्र रंगवा, शब्द जोडा, एवढंच. आठवड्याभरात मुलांनी ओळखलं की लाल म्हणजे ढ. लाल गटातल्या एका मुलीनं हात वर करणंच बंद केलं. तिला वाचायला त्रास होत होता, विचार करायला नव्हता. मी मात्र तिच्याकडून विचाराचं कामच काढून घेतलं होतं. हे मला अजून टोचतं.

आता प्रश्न सगळ्यांना एकच. बदलतो तो आधार. टेबलावर तीन खोकी असतात. एकात उताऱ्याचे चार तुकडे, मोठ्या अक्षरात, प्रत्येकाशेजारी छोटं चित्र. दुसऱ्यात अवघड शब्दांची कार्डं. 'बाजूला सारणे' या कार्डाबरोबर काठोकाठ भरलेला पेला आणि एक खडा. खडा टाकला की पाणी सांडतं, शब्द कळतो. तिसऱ्यात पुढचा प्रश्न: 'वाटीत एकेक खडा टाकत गेलं तर ती कधी बुडेल? कोणत्या वाक्यावरून सांगता येईल?' हवं ते खोकं मुलांनी स्वतः उघडायचं, काम झालं की परत ठेवायचं. नावं नाहीत, रंग नाहीत. चांगलं वाचणारी मुलंही पेल्याचं खोकं उघडतात, कारण त्यांनाही 'सारणे' माहीत नसतं. आणि तिसऱ्या खोक्यापर्यंत शेवटी सगळेच पोचतात, कुणी आज, कुणी उद्या.

तुम्ही कसं करता? कुठे अडतं? मोकळेपणानं लिहा.

आईची_वही

लेख दोनदा वाचला. मी शिक्षिका नाही, आई आहे. मुलगा आठ वर्षांचा. भराभर वाचतो, अक्षर चुकत नाही. पान संपलं की 'काय झालं गोष्टीत?' विचारलं तर गप्प. मग मी म्हणते पुन्हा वाच, तो पुन्हा तसंच वाचतो. आम्ही दोघंही वैतागतो. याला काही कृती आहे का?

रफार

पुरावा-पट्टी फार आवडली.

मी वाचनात अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करते. अगदी सुरुवातीच्या टप्प्याबद्दल थोडं लिहिते, कारण तिथेही हाताचं काम बरेचदा नुसतं गिरवण्यावर थांबतं. खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवणं ही माँटेसरीची पद्धत. ती मीही वापरते, पण बोट फिरताना तोंडातून आवाज आला पाहिजे. नाहीतर ती फक्त आकृती राहते.

आपल्या लिपीत दोन जागी मुलं हमखास अडतात. पहिली वेलांटी. 'किरण'मध्ये ि ही खूण डावीकडे, म्हणजे डोळ्याला आधी दिसते, पण तिचा आवाज क नंतर येतो. मूल आधी वेलांटी बघतं आणि गोंधळतं. मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर काना, वेलांटी, उकार, मात्रा काढून ठेवते. मूल आधी अक्षर ठेवतं, आवाज म्हणतं, मग खूण त्यावर सरकवतं आणि बदललेला आवाज म्हणतं. क, कि, कु, के. सरकवताना आवाज बदलतो हे हाताला कळलं की डोळ्याचा गोंधळ कमी होतो.

दुसरी जागा म्हणजे माझं नाव! 'सूर्य'मध्ये र आधी ऐकू येतो, पण बसतो य च्या डोक्यावर. इथे मी चौकटी आणि बटणं वापरते. एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती: शब्दातल्या प्रत्येक आवाजासाठी एक चौकट, आवाज म्हणायचा आणि बटण सरकवायचं. मराठीत मी आधी अक्षरांच्या चौकटी करते, कारण मुलांना अक्षरं सुटी करणं सोपं जातं. 'पुस्तक' म्हणजे पु-स्त-क, तीन चौकटी. मग मधल्या चौकटीत दोन रंगांची दोन बटणं: एक स चं, एक त चं. जोडाक्षर म्हणजे एका चौकटीत राहणारे दोन आवाज, हे त्यांना दिसतं.

आणि हे सगळं करताना अर्थ सोडायचा नाही. माझा आवडता खेळ दोन चित्रांचा: एक समुद्राचं, एक डोंगरांमधल्या खोल जागेचं. कार्डावर वाक्य: 'खाली दर्या दिसतो.' किंवा 'खाली दऱ्या दिसतात.' मुलानं वाचून कागदाची होडी योग्य चित्रावर ठेवायची. र्या आणि ऱ्या यात नजर चुकली की होडी डोंगरात! ज्यांना हे जमतं त्यांच्यासाठी मी तो शब्दच पट्टीनं झाकते: 'खाली ▢ दिसतात.' आता कुठलं चित्र? मूल 'दिसतात'कडे बोट दाखवतं. सामान तेच, चित्रं तीच, विचार मात्र एक पायरी वर गेला.

कागदहोडी

रफार, ही झाकायची कल्पना मी उद्याच वापरणार. 'दिसतात'वरून ओळखणं म्हणजे व्याकरणाचा आख्खा धडा आहे तो!

आईची_वही, तुमच्या मुलाबद्दल. गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली. वाचून समजणं हा गुणाकार आहे: शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. तेव्हा आधी कुठली बाजू लंगडी आहे ते बघा. अशीच एक नवी गोष्ट तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि विचारा. ऐकून नीट सांगितलं, तर भाषा पक्की आहे. मग वाचताना त्याचं लक्ष बहुधा अक्षर न चुकण्यावर आणि वेगावर खर्च होतंय. ऐकूनही सांगता आलं नाही, तर शब्दसंग्रह, वाक्यांची गुंतागुंत, विषयाची ओळख यातलं काहीतरी कमी पडतंय. दोन्हीचे उपाय वेगळे.

तोवर एक करून बघा. दोन पात्रांची छोटी गोष्ट घ्या. प्रत्येक पात्रासाठी एक बटण, आणि कागदावर गोष्टीतल्या जागा काढा: घर, झाड, नदी. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, वाक्यात जे झालं ते बटणांनी करून दाखवायचं. 'तो', 'तिला', 'त्यानं' आलं की योग्य बटण उचलायचं. 'पुन्हा वाच' म्हणू नका. बटण चुकीचं हललं तर फक्त 'कुठल्या शब्दावरून?' एवढंच विचारा.

काजळरेघ

बटणं, होड्या ठीक आहे. पण मोठं झाल्यावर पुस्तकाबरोबर बटणं घेऊन बसणार का मुलं? ही सवय सोडवायची कधी?

कागदहोडी

रास्त प्रश्न. ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. मुलांनी वाक्य वाचायचं आणि समोरच्या खेळण्यांनी ते करून दाखवायचं. नुसतं पुन्हा वाचणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना मजकूर जास्त लक्षात राहिला आणि जास्त समजला. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नंतर त्या मुलांना खेळणी न हलवता, 'हलवतोय अशी कल्पना कर' असं सांगितलं. तेव्हाही फायदा झाला.

म्हणून मी तीन टप्प्यांत वस्तू काढून घेते. आधी हातानं हलवायचं. मग वस्तू समोर, पण हात मांडीवर, नुसतं डोळ्यांनी. मग वस्तू खोक्यात बंद आणि विचारायचं, 'आता निळं बटण कुठे असेल?' प्रत्येक मुलाचा वेग वेगळा. कुणाला दोन दिवस, कुणाला महिना. आणि विषय नवा असला की मोठ्यांनाही पुन्हा हाताची गरज लागते. गाठ मारायच्या लेखी सूचना दोरी हातात न घेता वाचून बघा.

पाऊलवाट

छान धागा. मीही वर्गात वेगवेगळ्या मुलांचा विचार करते. वर्षाच्या सुरुवातीला प्रश्नावली भरून घेते आणि गट पाडते: बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे. कृती फक्त तिसऱ्या गटाला देते, पहिल्याला तक्ते, दुसऱ्याला ऐकण्याचं. असं कुणी करतं का?

चौकोनी_वर्तुळ

पाऊलवाट ताई, तुमची मेहनत दिसते, म्हणून स्पष्ट लिहितो. मीही काही वर्षं हेच केलं. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरं. पण 'ज्याची जी शैली त्याला त्याच प्रकारे शिकवलं तर तो जास्त शिकतो' याला आधार सापडत नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं आणि निष्कर्ष काढला की अशी जोडी लावण्यासाठी पुरेसा पुरावा नाही. तोटा मात्र होतो. 'ऐकून शिकणारा' असा शिक्का बसलेल्या मुलाच्या हातात वस्तू येतच नाही, आणि 'करून शिकणारा' वाचनातून सुटतो. नेमकं ज्याला वाचनाची गरज आहे तोच.

मला वाटतं फरक करायचा तो आज मूल कुठे उभं आहे त्यावरून. या उताऱ्यातलं त्याला काय येतं, काय अडतंय, विषयाची माहिती आहे का. हे उद्या बदलेल, म्हणून गटही बदलले पाहिजेत.

माहितीचा मुद्दा तर फारच मोठा. रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग मला कायम आठवतो. ६४ विद्यार्थी. त्यांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या नमुन्यावर लाकडी खेळाडू हलवून डाव दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्याला आपण 'कच्चा वाचक' म्हणतो तो उतारा बदलला की पक्का होऊ शकतो! म्हणून मी वर्षातून काही उतारे मुद्दाम अशा विषयांवरचे घेतो ज्यात मागे पडणारी मुलं जाणकार आहेत. सायकल दुरुस्तीच्या सूचना वाचताना माझ्या वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलानं इतरांना 'ही पायरी आधी कशी येईल, चेन उतरवल्याशिवाय चाक निघेल का?' असं विचारलं होतं. वाक्यपट्ट्या क्रमानं लावण्याचं काम होतं, आणि पट्ट्या त्यानं लावल्या.

मोठ्या वर्गांसाठी अजून एक. पॅलिन्क्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत: चार कामं, आळीपाळीनं. पुढे काय येईल त्याचा अंदाज, प्रश्न काढणं, अडलेलं उलगडणं, थोडक्यात सांगणं. शब्द वाचता येतात पण अर्थ लागत नाही अशा मुलांबरोबर त्यांनी हे केलं. मी पुठ्ठ्याची चार कार्डं केलीत, परिच्छेद संपला की कार्डं उजवीकडच्याला द्यायची. आधार असा वेगळा करतो की नवख्या मुलाच्या कार्डामागे वाक्याची सुरुवात लिहिलेली असते, 'मला वाटतं पुढे… कारण वर लिहिलंय की…'. ते 'कारण' फार काम करतं. महिन्याभरानं कार्डाची मागची बाजू कोरी करतो. एक सावधगिरी: 'थोडक्यात सांगणं' हे काम सगळ्यात अवघड आहे, ते पहिल्या दिवशी कच्च्या वाचकाच्या गळ्यात टाकू नका.

पाऊलवाट

सर, सविस्तर लिहिलंत, आभार. मनाला लागलं, पण पटलं. माझ्या 'ऐकून शिकणाऱ्या' गटातली दोन मुलं खरंच वाचन टाळतात आणि मी त्यांना टाळू देत होते. प्रश्नावली बाजूला ठेवते.

उंबरठा

सगळं वाचतोय. माझ्या वर्गात ५० मुलं आहेत. तास ३५ मिनिटांचा. तीन खोकी, पेले, पाणी, पट्ट्या… ५० मुलांसाठी? आणि अभ्यासक्रम कधी संपवायचा? उपहास नाही करत, मला खरंच करायचंय. पण प्रत्येक पाठाला तीन तयाऱ्या केल्या तर मी महिन्याभरात थकून सोडून देईन.

कागदहोडी

उंबरठा सर, प्रत्येक पाठाला मुळीच करू नका. मीही करत नाही. आठवड्यातून एक उतारा, बास. आणि तयाऱ्या तीन नाहीत, एकच आहे. उतारा एक, प्रश्न एक. तुकड्यांसाठी तोच उतारा मोठ्या अक्षरात काढून कात्रीनं कापायचा. शब्दकार्डं चार. पुढचा प्रश्न फळ्यामागे लिहून ठेवायचा. माझा वेळ उतारा निवडण्यात जातो, सामान करण्यात नाही.

निवडताना मी एकच बघते: न वाचता ही कृती पूर्ण करता येईल का? येत असेल तर ती कितीही आकर्षक असली तरी वाचनाच्या तासाला नको. चित्रकलेच्या तासाला करू.

पाण्याचा टब ५० मुलांत एकच ठेवा, पुढे. जोडीत एक बटण, एक पट्टी. सगळ्यांनी आधी बटण ठेवून वाचायचं, पट्टी लावायची, मग तुम्ही एकदाच वाटी सोडायची. करून बघणं एकदाच झालं तरी चालतं. अंदाज आणि पुरावा मात्र प्रत्येक जोडीचा स्वतःचा हवा. ३५ मिनिटांत बसतं. नाही बसलं तर पट्ट्यांवरचा वाद दुसऱ्या दिवसावर टाका.

रफार

आणि सर, जोड्या लावताना अगदी पक्का आणि अगदी कच्चा असं बसवू नका. पक्का सगळं करून टाकतो. थोडाच फरक असलेली दोघं बसवा. पट्टी मात्र दोघांनी हात लावल्याशिवाय चिकटवायची नाही, हा नियम ठेवा.

उंबरठा

केलं. कसं झालं ते लिहितो.

पहिली दहा मिनिटं गोंधळ. मी तोंडी सूचना देणार नाही म्हटल्यावर मुलं माझ्याकडे बघत बसली. फार अवघड गेलं गप्प राहणं. मग एकानं कार्ड वाचलं, शेजारच्यानं त्याच्याकडे बघून वाचलं, आणि सुरू झालं.

२५ जोड्यांपैकी १६ जोड्यांनी पट्टी दुसऱ्या वाक्याखाली लावली, ७ जोड्यांनी तिसऱ्या, दोन जोड्यांनी लावलीच नाही. मी बरोबर-चूक सांगितलं नाही. वाटीत खडे टाकायला सुरुवात केली. सहा खड्यांपर्यंत वाटी खाली खाली जात राहिली, पाणी वर वर आलं. सातव्याला बुडाली. वर्गात एकच आरडाओरडा. आणि मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, नेहमी शेवटी वही देणारा, उठून आपली पट्टी काढू लागला. म्हणाला, 'वाटी काठापर्यंत गेली, आता अजून पाणी सारायला जागाच नाही राहिली, पण वजन वाढलं. म्हणजे तिसरं वाक्य.' पट्टी फाटली. दुसरी दिली.

एक अडचण: तुकड्यांचं खोकं पहिल्या दिवशी कुणीच उघडलं नाही. लाजतात.

कागदहोडी

सर, हे वाचून मला किती बरं वाटलं! फाटलेली पट्टीही वहीत राहू द्या, नव्या पट्टीशेजारी. मुलाला आपलं मत कुठून कुठे गेलं ते नंतर बघता येतं.

खोक्यांचं म्हणाल तर पुढच्या वेळी तुम्हीच सगळ्यांसमोर ते उघडा. 'मला हे वाक्य लांब वाटतंय, मी तुकडा घेतो' असं मोठ्यानं म्हणा आणि तुकड्यावरून वाचा. माझ्या वर्गात तेव्हापासून खोकी उघडायला लागली.

आईची_वही

मीही लिहायला आले. बटणं तीन आठवडे चालली. पहिल्या आठवड्यात 'त्यानं' आलं की तो कुठलंही बटण उचलायचा. वाचून दाखवल्यावर मात्र गोष्ट नीट सांगायचा, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं, भाषा ठीक होती. म्हणून मी वेगाचं कौतुक करणं बंद केलं. गेल्या आठवड्यापासून बटणं खोक्यात आहेत.

काल रात्री एकटाच वाचत होता. मी दुसऱ्या खोलीत. मध्येच थांबला आणि हाक मारली, 'आई, इथे नुसतं "ती निघून गेली" लिहिलंय. कुठली ती? बहीण का म्हातारी?' मी काही बोलायच्या आत पान उलटून मागे गेला आणि शोधायला लागला.